हातविणीचा गालिचा घेताना: पाठ वाचणे, प्रांत ओळखणे आणि घरी सांभाळणे

गालिच्यांच्या दुकानात विक्रेता एकामागून एक गालिचे उलगडत जातो, दोन मदतनीस टोके धरून ते गरकन फिरवतात, दिव्याखाली तोच रंग कधी फिका तर कधी गडद दिसतो आणि चहा येईपर्यंत ग्राहकाच्या डोळ्यांपुढे इतकी वेलबुट्टी साचलेली असते की कोणता गालिचा काश्मीरचा, कोणता उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा आणि कोणता चक्क यंत्रावरचा, हे विचारण्याचेही भान राहत नाही. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वीच पाहणीचा क्रम मनाशी पक्का असावा. आधी वापर आणि माप ठरवावे, मग गालिचा उलटून त्याची पाठ वाचावी, त्यानंतर प्रांत आणि नक्षी यांचा मेळ तपासावा, धागा व रंग पारखावेत आणि किमतीचे बोलणे सर्वांत शेवटी काढावे. दुकानातील क्रम याच्या नेमका उलटा असतो; तेथे बोलण्याची सुरुवातच ‘आज किती टक्के सूट’ इथून होते.

वापर आणि माप

गालिचा कोठे अंथरायचा आणि त्यावर कोण वावरणार, यावर पुढची निवड अवलंबून असते. जेवणाच्या टेबलाखाली किंवा बाहेरच्या दाराजवळ रेशमी लवेचा (लव म्हणजे गालिच्यावरची धाग्यांची उभी टोके) गालिचा घालणे म्हणजे शब्दशः पैसे पायदळी तुडवणे होय. अशा जागी सुती दरी, म्हणजे लव नसलेली सपाट विणीची सतरंजी, किंवा आखूड लवेचा, घट्ट विणीचा लोकरी गालिचाच टिकतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, रांगते मूल असेल किंवा घर समुद्राजवळ असून भिंतींनाही ओल येत असेल, तर जाड लवेचा मोह टाळावा आणि धुता येईल अशा दरीचा विचार आधी करावा.

माप ठरवताना जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून किंवा खडूने चौकट आखून दोन दिवस त्यातून वावरून पाहावे. बैठकीच्या खोलीत निदान सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर येतील इतकी रुंदी लागते. नाहीतर गालिचा खोलीच्या मधोमध एकटा पडल्यासारखा दिसतो. दार आत उघडत असेल तर त्याच्या खालची फट मोजण्यास विसरू नये. बाजारात 3 × 5, 4 × 6, 5 × 8, 6 × 9, 8 × 10 फूट अशी मापे चालतात, पण हाताने विणलेल्या गालिच्याचे माप थोडे इकडेतिकडे असतेच आणि दोन टोकांच्या रुंदीत किंचित फरक आढळला तर तो दोष मानू नये. फरक मोठा असेल, किंवा जमिनीवर अंथरल्यावर मध्ये फुगवटा राहत असेल, तर मात्र ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सारखा ताणलेला नव्हता असे समजावे. अशा गालिच्याचा फुगीर भागच पायांखाली सर्वांत आधी झिजतो.

पाठ वाचणे

गालिचा मुळात कसा तयार होतो, हे कळल्याशिवाय पाठ वाचता येत नाही. गाठींच्या गालिच्यासाठी मागावर बहुधा सुती ताणा उभा ताणतात. विणकर ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा किंवा रेशमाचा धागा गुंडाळून गाठ घालतो आणि सुरीने तो तोडतो. रंग बदलत बदलत एक ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा (आडवा धागा) घालून ती ओळ जड पंजाने (कंगव्यासारख्या अवजाराने) ठोकून बसवतो. तोडलेल्या धाग्यांची टोके वर राहतात, तीच लव. शेवटी कात्रीने ती सारखी केली जाते. गाठीचे मुख्य प्रकार दोन आहेत. तुर्की गाठीत धागा दोन्ही ताण्यांभोवती पूर्ण फिरतो आणि त्याची दोन्ही टोके मधून बाहेर येतात. फारसी गाठीत तो एकाभोवती पूर्ण फिरतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. तुर्की गाठ ठसठशीत, भौमितिक नक्षीला मानवते, तर बारीक वळणाच्या वेलींसाठी फारसी गाठ अधिक सोयीची पडते. काश्मीर आणि भदोही या दोन्ही ठिकाणी फारसी गाठच चालते.

आता कोपरा उचलून गालिचा उलटा करावा. गाठींच्या गालिच्याच्या पाठीवर समोरचीच नक्षी तितक्याच स्पष्टपणे, पण लवेविना दिसते. गाठींचे बारीक दाणे ओळीने बसलेले असतात आणि नीट निरखल्यास त्या ओळी यंत्रासारख्या तंतोतंत नसतात. एखादी ओळ किंचित दबलेली असते, एखाद्या पाकळीत एक गाठ कमी भरलेली असते. दोन्ही टोकांच्या दशा पाहाव्यात. त्या ताण्याच्याच धाग्यांचा शेवट असतात, म्हणजे गालिच्याच्या अंगातून निघालेल्या असतात. दशा वेगळ्या पट्टीने शिवलेल्या असतील, तर पुढचे सारे प्रश्न अधिक कडकपणे विचारावेत. जुन्या गालिच्यांना दुरुस्तीत नव्या दशा लावतात हे खरे. पण नव्याकोऱ्या गालिच्याला ती सबब चालत नाही. यानंतर समोरच्या बाजूने गालिचा बोटांवर घडी घालावा, म्हणजे लव दुभंगते आणि तिच्या मुळाशी गाठींची रांग दिसते. ही रांग न दिसता नुसते धागे पायाच्या कापडात घुसलेले दिसले, तर गालिचा गाठींचा नाही.

बहुतेक फसगत होते ती टफ्टेड गालिच्यात. ताणलेल्या कापडावर नक्षी रेखून हातात धरलेल्या यंत्राने त्यातून लोकर टोचत जातात आणि ती निसटू नये म्हणून पाठीवर लेटेक्सचा (रबरी चिकाचा) थर देऊन त्यावर दुसरे कापड चिकटवतात. यंत्र हातात धरलेले असते, म्हणून चिठ्ठीवर ‘हॅन्डमेड’ असे लिहिलेले असते, आणि ते तसे खोटेही नसते. विचारायचे ते ‘हॅन्ड-नॉटेड आहे की हॅन्ड-टफ्टेड?’ असे नेमके शब्द वापरूनच. टफ्टेड गालिचा वाईट असतो असे नाही. तो स्वस्त असतो आणि काही वर्षे चांगला दिसतो. परंतु लेटेक्स कालांतराने सुकते, त्याची भुकटी फरशीवर पडू लागते आणि तो गालिचा नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाठींच्या गालिच्याची किंमत त्यासाठी मोजू नये. यंत्रमागावरचा गालिचा ओळखणे त्यामानाने सोपे आहे: पाठ अगदी एकसारखी, कडा यंत्रशिलाईने गुंडाळलेल्या आणि धागा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा).

गाठी मोजण्यासाठी पाठीवर पट्टी ठेवून एक इंच आडव्या आणि एक इंच उभ्या रांगेतील दाणे मोजावेत आणि त्यांचा गुणाकार करावा. तुर्की गाठीचे पाठीवर शेजारी शेजारी दोन दाणे दिसतात, त्यामुळे आडवी मोजणी करताना एकाच रंगाची जोडी ही एक गाठ धरावी. नाहीतर आकडा दुप्पट होतो, आणि काही विक्रेत्यांना ही दुप्पट सोयीची वाटते. मोजणी एकाच जागी न करता दोन-तीन ठिकाणी करावी. काश्मिरात 16 × 16 किंवा 18 × 18 अशी भाषा चालते. तिचा अर्थ चौरस इंचाला अनुक्रमे 256 आणि 324 गाठी असा होतो. हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. 4 × 6 फुटांचा गालिचा म्हणजे 3,456 चौरस इंच; चौरस इंचाला 256 गाठी धरल्या तर एकूण 8,84,736 गाठी होतात. सरावलेला विणकर दिवसाला आठ हजारांच्या आसपास गाठी घालतो असे धरले तरी एका माणसाचे सुमारे 110 पूर्ण दिवस त्यात जातात, आणि आधीची रंगणी, नंतरची धुलाई, लव कापणे ही कामे वेगळीच. असा गालिचा कोणी मातीमोल भावाने देऊ केला, तर आकड्यात तरी खोट आहे किंवा मजुरीत तरी.

एक छुपी चलाखीही माहीत असावी. दोन ताण्यांऐवजी चार ताण्यांवर एकच गाठ घातली की काम निम्म्याने कमी होते. या गाठीला जुफ्ती म्हणतात. अशा भागात लव विरळ राहते आणि लवकर झिजते. मोकळ्या, एकरंगी भागात, म्हणजे नक्षीच्या मधल्या जमिनीत, तिचा वापर करणे सोपे जाते. म्हणून गाठी मोजताना तो भाग टाळू नये.

इतके सांगूनही माझे मत असे की सामान्य ग्राहक गाठींच्या आकड्याला नको इतके महत्त्व देतो. बारीक वेलींच्या नक्षीला अधिक गाठी लागतात, कारण त्याविना वळणे पायऱ्या पायऱ्यांची दिसतात. भटक्या जमातींच्या मोठ्या भौमितिक नक्षीला तितक्या गाठींची गरजच नसते, आणि चौरस इंचाला शंभराच्या आतबाहेर गाठी असलेला, चांगल्या लोकरीचा, घट्ट ठोकलेला गालिचा पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

नक्षीचे गाव आणि विणीचे गाव

प्रांत ओळखताना सर्वांत मोठा घोटाळा नावांचा होतो. काशान, केर्मान, ताब्रीझ, इस्फहान, कुम ही इराणमधील शहरे आहेत. भारतीय बाजारात मात्र ती बहुधा नक्षीची नावे असतात. श्रीनगरला विणलेल्या गालिच्याला दुकानदार ‘काशान’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त ग्राहकाने तो इराणी समजू नये. ‘बुखारा’ची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. लाल जमिनीवर अष्टकोनी ठशांच्या रांगा असलेली ती नक्षी तुर्कमेन जमातींची. बुखारा हे त्यांच्या मालाची बाजारपेठ असलेले शहर. आज त्या नावाचे कितीतरी गालिचे पाकिस्तानात आणि भारतात विणले जातात. म्हणून प्रश्न नेहमी दोन विचारावेत: नक्षी कोठली आणि वीण कोठली. दोन्ही उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

मूळ इराणी परंपरेत शहरी कारखाने आणि भटक्या जमाती अशा दोन धारा दिसतात. काशान, इस्फहान, कुम येथे मध्यभागी मोठे पदक, चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश आणि भोवती वेलींचा काठ अशी रचना आढळते. हेरिझमध्ये तेच पदक सरळ रेषांत आणि टोकदार कोनांत उतरते. काश्काई जमातीच्या गालिच्यांत प्राणी, माणसे, झाडे आठवतील तशी विखुरलेली असतात. शहरी परंपरेची उंची पाहायची असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिचा पाहावा. त्यावर हिजरी 946, म्हणजे इसवी सन 1539-40, असे वर्ष विणलेले आहे आणि सोबत फारसी कवी हाफिजच्या दोन ओळी आहेत. मात्र गाठीची कला इस्लामी काळाच्याही पुष्कळ आधीची आहे. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील बर्फाने गोठलेल्या थडग्यातून 1949 साली निघालेला गालिचा सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा असून त्यातील गाठ तुर्की पद्धतीची आहे.

भारतात काश्मीरचे वैशिष्ट्य म्हणजे तालीम. येथे विणकराच्या समोर रंगवलेले चित्र नसते, तर कागदाच्या लांब पट्ट्यांवर सांकेतिक चिन्हे लिहिलेली असतात. कोणत्या रंगाच्या किती गाठी, इतकेच ती सांगतात. एक जण ती मोठ्याने वाचतो आणि मागावर बसलेले बाकीचे त्याप्रमाणे गाठी घालत जातात. शालींच्या विणकामातून ही लिपी गालिच्यांत आली. पंधराव्या शतकातील सुलतान झैन-उल-आबिदीनने मध्य आशिया आणि इराणमधून कारागीर आणवले, असे काश्मीरची परंपरा मानते. काश्मिरी गालिचा बहुधा रेशमी किंवा लोकरी लवेचा, आखूड कापलेला आणि वजनाच्या मानाने लवचीक असतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि 2022 पासून तपासणी झालेल्या गालिच्यांना क्यूआर कोड असलेली चिठ्ठी लावण्यास सुरुवात झाली आहे. खरेदीच्या वेळी ती चिठ्ठी मोबाइलवर दुकानातच उघडून पाहावी. घरी आल्यावर पाहण्यात अर्थ नाही.

उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्टा हा देशातील सर्वांत मोठा गालिचा-प्रदेश. 2010 साली मिळालेल्या त्याच्या भौगोलिक मानांकनात भदोही, मिर्झापूर, वाराणसी, जौनपूर, गाझीपूर यांसह नऊ जिल्हे येतात. येथे परंपरागत फारसी नक्षीपासून परदेशी ग्राहकाने पाठवलेल्या आधुनिक चित्रापर्यंत काहीही विणले जाते, आणि गाठींचा, टफ्टेड, सपाट असे सारे प्रकार एकाच गावात तयार होतात. त्यामुळे ‘भदोहीचा आहे’ एवढ्या शब्दावर येथे काहीच ठरत नाही. पाठ पाहावीच लागते. लोकर बिकानेरची, न्यूझीलंडची किंवा दोन्हींचे मिश्रण असते.

आग्रा आणि लाहोर येथील गालिचे अकबराच्या कारखान्यांपासून नावाजलेले; जयपूरही जुने केंद्र. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने कैद्यांकडून गालिचे विणून घेण्यास सुरुवात केली आणि तुरुंगांच्या नावाने गालिच्यांचा एक वर्गच तयार झाला. आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला अखंड, अवाढव्य गालिचा विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू चेंबरमध्ये आहे. आपल्याकडे पुण्याच्या येरवडा तुरुंगातील गालिचे याच परंपरेतले. जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या सामानात असा गालिचा निघाला तर त्याला केवळ मळका म्हणून भंगारात काढू नये. आधी पाठ पाहावी आणि जाणकाराला दाखवावा.

तिबेटी गालिच्याची वीण सर्वांहून वेगळी. धागा ताण्याभोवती आणि सोबत ठेवलेल्या गजाभोवती वेटोळी घालत नेतात. ओळ पुरी झाली की गजावरची वेटोळी सुरीने कापतात आणि लव मोकळी होते. 1959 नंतर आलेल्या निर्वासितांनी दार्जिलिंग, सिक्कीम आणि धरमशाला येथे ही कला टिकवली. ड्रॅगन, कमळ, ढग अशी नक्षी आणि जाड, मऊ लव यांमुळे बसण्यासाठी हे छोटे गालिचे उत्तम. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्याला ते साजतात, मुंबईच्या जुलैला नव्हे.

दऱ्या, जमखाने आणि सतरंज्या

महाराष्ट्राच्या हवेला खरे तर सपाट विणीचाच कपडा मानवतो, आणि गालिच्यांच्या चर्चेत त्याला दुय्यम मानण्याची पद्धत मला पटत नाही. दरीत गाठ नसते. रंगीत बाणाच ताण्याला पूर्ण झाकून टाकतो आणि तोच नक्षी घडवतो. बहुतेक दऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या असतात, त्यामुळे एक बाजू मळली की उलटी घालता येते. पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. दरी उजेडासमोर धरली असता ताणा उघडा पडू नये. दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तेथे फट असेल तर ती नक्षीचा भाग आहे की सैल विणीचा दोष, हे बोटाने ताणून पाहावे. आणि कडेचा धागा सरळ, घट्ट असावा.

पंजाब-हरियाणातील पंजा दरी लोखंडी पंजाने ठोकून घट्ट केलेली असते. पूर्वी मुलीच्या रुखवतासाठी घराघरांत बायका ती विणत. जोधपूरजवळच्या सालावास गावात आजही आडव्या मागावर पंजा दरी विणताना पाहायला मिळते. कच्छमधील खरड शेळीच्या आणि उंटाच्या केसांची, राकट आणि वर्षानुवर्षे न झिजणारी. ती विणणारी कुटुंबे फार थोडी उरली आहेत, त्यामुळे खरी खरड मिळाली तर किमतीत घासाघीस करू नये. तमिळनाडूतील भवानी गावचे जमक्काळम जाड सुताच्या भडक पट्ट्यांसाठी, तर वरंगळच्या दऱ्या भौमितिक नक्षीसाठी ओळखल्या जातात.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा जमखाना. विजापूरकडून आलेल्या विणकरांनी ही कला तेथे नेली अशी परंपरा आहे, आणि आज ती तेथील मुस्लिम कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती आहे. जमखाना, नमाजाचे आसन म्हणजे जानमाज आणि गुद्दार असे तिचे तीन प्रकार. नक्षीत मोर आणि सोंगट्यांचा पट हमखास असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा असे रंग ठळकपणे शेजारी शेजारी येतात. विजापूरला गेल्यास गोलघुमटासमोरच्या संग्रहालयातील जुने गालिचेही आवर्जून पाहावेत.

घोंगडीला गालिचा म्हणता येणार नाही, तरी जमिनीवर अंथरायच्या हातविणीच्या वस्तूंमध्ये तिची जागा मोठी आहे. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर, रंग न देता, खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने नवी असताना ताठ व खरखरीत. वापराने ती मऊ होते. बैठकीवर पसरायला, ध्यानाला किंवा पाठ टेकायला तिच्यासारखी टिकाऊ चीज त्या किमतीत दुसरी मिळत नाही. यंत्रावरचे मिश्र धाग्याचे कांबळे घोंगडी म्हणून खपवले जाते. तेव्हा एक धागा काढून जाळून पाहण्याची परवानगी मागावी.

धागा आणि रंग

जाळून पाहण्याची ही रीत गालिच्यालाही लागू पडते. लवेतील एक धागा काडीने पेटवावा. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो, ज्योत आपोआप मंदावते आणि मागे चुरडणारी काळी गुठळी राहते. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) कागदासारखे भरभर जळते आणि वासही कागदाचाच येतो. पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. हे पाहणे गरजेचे आहे, कारण ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी विकला जाणारा चकचकीत माल बहुतेक वेळा व्हिस्कोस असतो. तो हाताला रेशमाहूनही गुळगुळीत लागतो, पण पाणी सांडले की लव चिकटून बसते, डाग पिवळा पडतो आणि गेलेली चमक परत येत नाही.

लोकरीतही फरक असतो. मेरिनो अंगावर घालायला उत्तम, पण पायांखाली फार मऊ. गालिच्याला लांब, जाड आणि चिवट तंतू लागतो. बिकानेरकडील मगरा मेंढीची चमकदार लोकर त्यासाठी नावाजलेली आहे. लवेवर तळहात जोरात घासावा. नव्या गालिच्यातून थोडा भुगा निघतोच, पण हातभर पुंजके निघाले तर तंतू आखूड किंवा मृत मेंढीची लोकर आहे असे समजावे.

रंगांसाठी पांढरा ओला रुमाल लाल आणि निळ्या भागावर घासावा. रुमालावर रंग उतरला तर तो पुढे फिक्या जमिनीवरही उतरेल. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा हे वनस्पतींचे रंग सावकाश आणि एकमेकांना धरून फिके होतात. मात्र ‘नैसर्गिक रंग’ ही सध्या विक्रीची हाळी झाली आहे, आणि चांगला क्रोम (रासायनिक) रंग वाईट मंजिष्ठेपेक्षा केव्हाही बरा. एकाच रंगाच्या जमिनीत आडवे फिके-गडद पट्टे दिसले तर घाबरू नये. एका खेपेला रंगवलेला धागा संपून दुसऱ्या खेपेचा लागल्याची ती खूण आहे आणि जाणकार ती आवडीने पाहतात. लव दुभंगून मुळाशी पाहावे. टोक फिके आणि मूळ गडद असेल तर उन्हाचा परिणाम. उलट टोक गडद आणि मूळ फिके असेल तर वरून रंगाचा हात फिरवला आहे. रसायनाने किंवा चहाच्या पाण्याने धुऊन नव्या गालिच्याला म्हातारपण आणण्याचा उद्योगही जोरात चालतो.

शेवटी मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा लवेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हात न्यावा. एका दिशेने लव बसते, उलट दिशेने उठते. लवेचा कल नेहमी विणायला सुरुवात झालेल्या टोकाकडे असतो, आणि त्या टोकासमोर उभे राहिले तर रंग गडद, विरुद्ध टोकाकडून फिके दिसतात. दुकानात गालिचा गरगर फिरवतात त्याचे कारण हेच. खोलीच्या दारातून कोणती बाजू दिसणार, हे ठरवूनच रंग पसंत करावा.

किंमत आणि कागद

किंमत नेहमी चौरस फुटाच्या दरात उतरवून घ्यावी, म्हणजे दोन दुकानांची तुलना होऊ शकते. समान प्रांत, समान धागा आणि समान गाठी असलेल्या गालिच्यांचीच तुलना करावी. मोठी सूट ही बहुधा आधी फुगवलेल्या किमतीवरची असते. पर्यटनस्थळी गाडीवाल्याने नेलेल्या दुकानात त्याचे कमिशन किमतीत धरलेले असते, हे वेगळे सांगायला नको. बिलावर माप, विणीचा प्रकार, लवेचा धागा, ताण्याचा धागा, गाठींची संख्या आणि विणीचे ठिकाण लिहून घ्यावे; लिहून देण्यास कां-कूं करणाऱ्याकडून माल घेऊ नये. बालमजुरीविषयी खात्री हवी असेल तर गुडवीव्हची चिठ्ठी पाहावी. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 साली रगमार्क या नावाने ती सुरू झाली.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही. आजोळचा जुना गालिचा सोबत न्यायचा असेल तर तो पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे.

घरी आल्यावर

गुळगुळीत फरशीवर गालिच्याखाली जाळीदार रबरी किंवा नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरीचा) थर घालावा. गालिचा सरकत नाही आणि पाठही झिजत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो फिरवून टोकांची अदलाबदल करावी. व्हॅक्युम क्लीनर लवेच्या दिशेने, फिरता ब्रश बंद ठेवून चालवावा आणि दशांवर कधीही नेऊ नये. काही सांडल्यास पांढऱ्या सुती कापडाने दाबून टिपावे, घासू नये; घासल्याने डाग लवेच्या मुळाशी जातो. आमटी सांडली तर साबणाला आधी हात लावू नये, कारण हळदीचा पिवळा डाग साबणाने लाल होतो. गार पाण्याने टिपून तो भाग उजेडात ठेवला तर हळद पुष्कळशी उडून जाते. कुंडी गालिच्यावर ठेवू नये. तिच्याखाली ओल साचून सुती ताणा कुजतो आणि पुढे घडी घालताना तो करकर आवाज करत तुटतो. लोकरी आणि रेशमी गाठींच्या गालिच्याला ड्रायक्लीनिंग देऊ नये, कारण लोकरीतील नैसर्गिक तेल त्यात निघून जाते. काही वर्षांतून एकदा गालिचेच धुणाऱ्या कारागिराकडून पाण्याने धुऊन घ्यावा. सुती दरीही पहिल्यांदा धुण्यापूर्वी ओल्या रुमालाने रंग तपासावा.

पावसाळा ही खरी परीक्षा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जाड लवेचे गालिचे जूनआधी उचललेलेच बरे. आधी पाठीवर झटकून धूळ काढावी, उन्हात पालथा घालून तासभर ठेवावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग लवेच्या दिशेने गुंडाळी करावी. घडी कधीही घालू नये. बाहेरून जुने धोतर किंवा सुती चादर गुंडाळावी. प्लॅस्टिकमध्ये आतली ओल कोंडते आणि बुरशी धरते. गुंडाळी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. कसर अंधारात, न हलवलेल्या जागी लागते; म्हणून वापरातल्या गालिच्याचाही पलंगाखाली किंवा कपाटाखाली गेलेला भाग महिन्यातून एकदा उचलून पाहावा. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात, थेट लवेवर टाकू नयेत. लवेत टक्कल पडल्यासारखी जागा, वाळूसारखे कण किंवा पांढरट जाळे दिसले तर गालिचा ताबडतोब इतर लोकरी वस्तूंपासून वेगळा करावा आणि दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम करून उन्हात घालावा.

दुरुस्तीत घाई कोठे करावी हेही कळले पाहिजे. लव झिजली तर गालिचा वर्षानुवर्षे तसाच वापरता येतो, पण टोकाकडची वीण उसवू लागली तर एक दिवसही थांबू नये. दशा तुटल्या की त्यांच्यामागे गाठींच्या ओळी एकेक करून निसटतात. तात्पुरते सुती दोऱ्याने टोक हाताने शिवून घ्यावे आणि मग रफूगराकडे न्यावे. कडेचा गुंडाळलेला धागा सुटला असेल तर तोही त्याच खेपेला बांधून घ्यावा. भोक बुजवण्यासाठी मागून कापड चिकटवणारा कारागीर मात्र टाळावा. गोंद लागलेली जागा पुढे कोणालाच नव्याने विणता येत नाही.